भुकटीतलं कडं

बाई, तुम्हाला पटणार नाही अशी एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या एका रेणूची रचना इलेक्ट्रॉननं काढून दिली. तीही मिठाची किंवा धातूची नाही, सजीवानं तयार केलेल्या रेणूची. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि "कुणी तपासलं?" एवढंच विचारलं असतं. तेच सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की विभागातल्या निम्म्या लोकांना तुमची खोली कुठली होती तेही माहीत नाही. तिथं आता प्रिंटर ठेवलेत आणि कागदाची खोकी रचलीत. पण संशयाचं काही निघालं की मला अजून तुमच्याशीच बोलावंसं वाटतं. दुसऱ्या कुणाशी बोलले तर त्यांना वाटतं मी चिडले आहे.

तुमचं इलेक्ट्रॉनबद्दलचं मत मला पाठ आहे. एम.एस्सी.च्या वर्गात कुणीतरी विचारलं होतं, क्ष-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन वापरले तर? तुम्ही खडू खाली ठेवलात. "क्ष-किरण म्हणजे भिडस्त पाहुणा," तुम्ही म्हणालात. "घरातनं जाताना फार तर एकदा कुठं हलकासा धक्का लागतो, आणि निघून जातो. म्हणून त्याचं ऐकायचं. इलेक्ट्रॉन आत शिरला की दहा ठिकाणी धडकतो, भांडी पाडतो, आणि बाहेर येऊन तुम्हाला घराचा नकाशा सांगतो. वर जाताना घर पेटवून जातो ते वेगळंच." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्हाला ते विनोद म्हणून सांगायचंच नव्हतं.

तेव्हा ते खरंही होतं. आपला धंदा सगळा ठिपक्यांचा. स्फटिकात रेणू एकासारखा एक रांगेत बसलेला असतो, त्यातून किरण पाठवले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि त्या ठिपक्यांवरून उलटं गणित करत अणू कुठं कुठं आहेत ते शोधायचं. पण आपल्या यंत्राला डोळ्यांना दिसेल एवढा, साखरेच्या बारीक दाण्याएवढा तरी स्फटिक लागायचा, आणि सजीवांतले रेणू रांगेत बसायला तयार नसतात. माझं अर्धं आयुष्य त्यांची मनधरणी करण्यात गेलं. इलेक्ट्रॉन पदार्थाशी इतक्या जोरानं भिडतो की त्याला भुकटीतला एक कण पुरतो. कण जाड असला तर उलट तो गोंधळतो. पण त्याच जोरानं तो नाजूक रेणू जाळून टाकायचा. आता काय करतात, तर कण द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठवतात, झोत अगदी मंद ठेवतात, कण सावकाश फिरवत राहतात आणि तो जळून जायच्या आत वेगवान कॅमेऱ्यानं ठिपके टिपून घेतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि पटलेलं यांत फरक असतो, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमच्या संशयाला प्रयोगशाळा-घर असा भेद नव्हता. शाहूपुरीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा आले तो दिवस आठवतो. तुमच्या आई, तुमच्या अव्वा, चुलीपुढं नव्हे, गॅसपुढं, पण चुलीपुढं बसावं तसा पाट घेऊन बसल्या होत्या, ज्वारीच्या भाकरी थापत होत्या आणि तुमच्याशी कानडीत काहीतरी कुरकुरत होत्या. तुम्ही कट्ट्यावर दुधाचं पातेलं ठेवलं होतं आणि त्यात दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर सोडला होता. कोल्हापुरात, जिथं माणूस म्हैस डोळ्यांसमोर पिळून घेतो, तिथं तुम्ही लॅक्टोमीटर लावत होतात. "बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, आणि थोडं थांबून, "आज तरी." अव्वांनी माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. मला वाटलं, ही बाई नवऱ्यावरही असाच लॅक्टोमीटर लावत असेल. मग कळलं, तुम्ही लग्नच केलेलं नव्हतं.

आणि तो प्रबंधाचा प्रसंग. मी एका नळीतून एकच झगझगीत स्फटिक उचलला होता, त्याची मोजमापं घेतली होती, रचना सुटली होती. मी कागद तुमच्यापुढं ठेवते आहे. तुम्ही शेवटचं पान बघता, पहिलं बघता, आणि विचारता, "नळीत बाकीचं काय होतं?"

"बाकी चुरा होता, बाई."

"चुरा हे कशाचं नाव गं? तू गावात एका माणसाला भेटलीस आणि मला गावाचा स्वभाव सांगतेस. तो माणूस पाहुणा असला तर?"

तीन शब्दांचं कौतुक मिळालं असतं तर मी ते घरी जाऊन आईला सांगितलं असतं. सांगायला काही नव्हतं. मी परत जाऊन चुऱ्याची तपासणी केली. तो त्याच पदार्थाचा निघाला. तेही तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत.

पुढं मी संशोधनाला बेंगळुरूला निघाले तेव्हा तुम्ही मला दात घासायच्या ब्रशची एक प्लास्टिकची डबी दिलीत. आत बारीक काडी, काडीच्या टोकाला चिकटवलेली मांजराची मिशी. नाजूक स्फटिक उचलायला त्याहून चांगलं काही नाही, हे आपल्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. "शेजारच्या मांजराची आहे," तुम्ही म्हणालात. "आपोआप गळलेली. उपटलेली नाही." शुभेच्छा वगैरे काही नाही. मी त्या मिशीनं तिथं, आणि इथं परत आल्यावरही, पुष्कळ वर्षं काम केलं. आता जे सांगणार आहे त्या कामात तिचा उपयोग शून्य. तिच्या टोकावर हे कण गर्दी करून बसतील आणि तरी दिसणार नाहीत.

माझ्याकडे एक मुलगी पीएच.डी. करते आहे. शिरोळकडची. कृष्णेला पूर आला की त्यांच्या उसात गाळ येऊन बसतो. त्या गाळातून तिनं एक जिवाणू वेगळा केला, आणि तो जिवाणू एक पदार्थ बनवतो, ज्यानं जखमेत पू करणारे जंतू मरतात. काचेच्या बशीत जंतू वाढवून मधोमध थेंब टाकला की भोवती स्वच्छ गोल पडतो. निदान सुरुवातीला पडायचा. पुढं पुढं गोल लहान होऊ लागले, कधी पडायचेच नाहीत, आणि का ते कळत नव्हतं. पदार्थाची रचना कळली असती तर काही समजलं असतं, पण तो स्फटिक द्यायला तयार नव्हता. मी सगळे उपाय केले. दर वेळी नळीच्या तळाशी पांढरी भुकटी. ती मुलगी नळी उजेडापुढं धरून म्हणायची, "मॅडम, रांगोळीच हाय ही." शेवटी तिनंच इलेक्ट्रॉनचं काढलं. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत तसं यंत्र होतं, तिनं तिथल्या शास्त्रज्ञाशी पत्रव्यवहार केला होता. मी होकार दिला तो तिला गप्प करण्यासाठी. काही निघणार नाही याची मला खात्री होती.

ती गेली आणि आठवड्याच्या आत परत आली. जी गोष्ट मला इतकी वर्षं जमली नाही ती तिनं आठवड्यात आणली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला. भुकटी तांब्याच्या बारीक जाळीवर भुरभुरली होती, गोठवली होती, आणि काही कणांनी असे सुरेख ठिपके दिले होते की रचना थेट सुटली होती.

"मॅडम, कडं हाय," ती म्हणाली.

"काय?"

"रेणू सरळ साखळी न्हाय. दोन्ही टोकं जुळल्यात. बघा की."

मी बघितलं. खरोखर कडं होतं, बांगडीसारखं बंद. आणि मला ते खोटं वाटलं. कारण त्याच पदार्थाचं वजन आम्ही आधी यंत्रावर मोजलं होतं, आणि ते वजन कड्याचं नव्हतं. टोकं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि हे वजन तेवढ्यानंच जास्त होतं. म्हणजे उघड्या साखळीचं. दोन यंत्रं दोन गोष्टी सांगत होती, आणि त्यांतली एक मी स्वतः चालवली होती. "छान," मी म्हणाले. "ठेव इथं, बघते."

मग मी जे काही मनात रचलं ते तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुमच्या मनात याहून जास्त आलं असतं. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. त्या संस्थेतल्या माणसानं स्वतःच्याच कुठल्या पदार्थाचे ठिपके चुकून दिले असतील. किंवा चुकून नसेल. कड्याचे रेणू मासिकांना आवडतात, सरळ साखळीला कोण विचारतं. मुलीचं वय वाढतंय, घरचे मागं लागलेत, तिला प्रबंध लवकर संपवायचाय. तिला उत्तर आधी हवं होतं आणि ठिपके नंतर मिळाले, असं तर नाही? ती समोर बसून डबा खायची, शेंगदाण्याची चटणी माझ्यापुढं सरकवायची, आणि मी तिच्या बोटांकडे बघत विचार करायची की या बोटांनी कुठली नळी उचलली असेल. मी त्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाला तिच्या नकळत लिहिलं. मूळ चित्रं पाठवा, एकही न वगळता, आणि हे तिला कळवायची गरज नाही. चित्रं आली. मी खोलीचं दार लावून सगळं गणित पुन्हा केलं, तिच्या रचनेकडे न बघता. कडंच निघालं. तरी मला बरं वाटलं नाही. गणित खरं असेल, नळी खरी कशावरून?

हे लपून राहणार नव्हतंच. त्या भल्या माणसानं दुसऱ्याच कामाच्या फोनवर तिला सहज सांगितलं, तुमच्या मॅडमनाही फायली पाठवल्यात. ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"मॅडम, तुम्ही तिकडनं फायली मागवलासा?"

"हो."

"मला विचारला असता तर मी दिलो नसतो व्हय?" रागावली की ती पुरती घरच्या बोलीत बोलते.

मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. म्हणजे तुमचं. "संशय घेणं हेच आपलं काम आहे. तो तुझ्यावर नाही, निष्कर्षावर आहे."

"न्हाय मॅडम. निष्कर्षावर असता तर तुम्ही मला हाक मारून बसवलं असतासा. दार लावून घेतला नसता." आणि मग, आवाज न चढवता, "संशय घ्या की. मी काय घेऊ नका म्हणत न्हाय. पण माझ्यासमोर घ्या."

ती गेल्यावर मला त्या रविवारची आठवण आली. खरं तर ती येतच असते. प्रबंध सादर करायच्या आधीचा रविवार. दुपार आहे, विभागात कुणी नाही, मी विसरलेली छत्री न्यायला आले आहे. क्ष-किरणांच्या खोलीचं दार अर्धं उघडं आहे. तुमची पाठ दिसते. पदर खोचलेला, यंत्र चालू, आणि शेजारी माझी नळी, माझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली. तुम्ही माझा स्फटिक पुन्हा मोजत होतात. मला न सांगता. मी छत्री न घेताच जिना उतरले आणि रंकाळ्यापर्यंत चालत गेले. पावसात भिजले, तर खोलीवरच्या मुली म्हणाल्या, छत्री आणायला गेलतीस ना? दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रबंधावर सही केलीत. काही बोलला नाहीत. तुम्हाला तेच उत्तर मिळालं होतं का, की थोडं वेगळं मिळालं आणि तुम्ही सांभाळून घेतलंत, हे मला कधीच कळलं नाही. मी कधी विचारलं नाही. पुढं तुमच्या प्रत्येक शांत बसण्याकडे मी त्या रविवारातून बघत आले. ही मुलगी माझ्यापेक्षा बरी. ती दारात येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला बोलावून समोर बसवलं आणि माझे सगळे संशय एकेक करून तिच्यापुढं मांडले, नळीच्या अदलाबदलीपासून ते तिच्या घाईपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. काहींना तिच्याकडे उत्तर होतं, काहींना नव्हतं. तिच्या घाईबद्दल म्हणाली, "घाई हाय की. ती न्हाय कशाला म्हणू?" मग मी तिला विचारलं की जाळीवर कण किती असतील आणि ठिपके कितींनी दिले. तिनं वही उघडून बघितलं. बहुतेकांनी काहीच दिलं नव्हतं. नुसता धुरकट उजेड. ज्या थोड्यांनी ठिपके दिले त्यांचीच मोजमापं घेतली होती, सगळे तसंच करतात.

"मग बाकीचं काय होतं?" मी विचारलं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. "बाकीचं म्हणजे... मॅडम, बाकीचं दुसरंच काय तर असंल व्हय?"

आम्ही दोघींनी मिळून ती भुकटी पुन्हा विरघळवली आणि गाळणीच्या लांब नळीतून सावकाश सोडली, जिच्यातून वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात. एक मोठा उंचवटा आला, आमच्या ओळखीचा. त्याच्या अंगाला एक बारीकसा फुगवटा होता. तो आम्ही नेहमी बघत आलो होतो आणि मळ समजून सोडून देत होतो. या वेळी दोन्ही वेगवेगळे धरले. वजन केलं. मोठा होता तो उघडी साखळी. बारीक होता तो कडं. मग दोन्हींचे थेंब दोन बशांत टाकले आणि बशा उबेत ठेवल्या. सकाळी ती माझ्याआधी येऊन बसली होती. साखळीच्या बशीत जंतू जसेच्या तसे, गोलाचा मागमूस नाही. कड्याच्या बशीत मधोमध स्वच्छ गोल.

तिनं दोन्ही बशा शेजारी शेजारी ठेवल्या. मग तिनं सावकाश जुळवलं. जिवाणू बनवतो ते कडंच. त्याचा एक सांधा कच्चा. आम्ही शुद्ध करताना जे धुवायचो त्या धुण्यातच पाणी त्या सांध्यात शिरायचं आणि कडं उघडायचं. जितकं जास्त शुद्ध करू तितकं औषध मारून टाकत होतो. उघडी साखळी लुळी, ती रांगेत बसत नाही, म्हणून इतकी वर्षं स्फटिक नाही. जे थोडं कडं शिल्लक राहायचं तेवढंच ताठ, तेवढंच रांगेत बसायचं, पण कण इतके बारीक की आपल्या क्ष-किरणांना ते कधी दिसलेच नसते. वजनाच्या यंत्रानं गर्दीचं सांगितलं. इलेक्ट्रॉननं रांगेतल्या थोड्यांचं सांगितलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

"म्हणजे मॅडम, आपुनच उघडत होतो," ती म्हणाली, आणि हसावं की रडावं ते न कळून डोक्याला हात लावून बसली.

पुढं तिनं धुण्याची पद्धत बदलली, निव्वळ कड्याची भुकटी केली, आणि आम्ही दोघी मिळून त्या संस्थेत गेलो. मी यंत्राशेजारी उभी होते. गोठवलेला कण फिरत होता आणि पडद्यावर एकामागून एक ठिपके उमटत होते, काळोखात कुणी रांगोळीची बोटं टेकवत जावं तसे. बाई, मी तुमची ती ओळ आठवायचा प्रयत्न करत होते, भांडी पाडणाऱ्या पाहुण्याची, पण त्या क्षणी ती मला नीटशी आठवेना. रचना तीच आली. या वेळी बहुतेक सगळ्या कणांनी दिली. वजनही जुळलं. आता शोधनिबंध लिहिणं चालू आहे.

मी निर्धास्त झाले असं समजू नका. जो सांधा पाण्यात उघडतो तो माणसाच्या अंगात किती टिकणार, माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. दुसऱ्या प्रयोगशाळेत हे कुणी अजून करून बघितलेलं नाही. त्या मुलीवर माझा पूर्ण विश्वास बसलाय का? बऱ्यापैकी. ती मात्र आता माझ्या आकड्यांवर संशय घेते, माझ्यासमोर बसून, पेन्सिल कानामागं खोचून, आणि मला ते अजून नीट सोसत नाही. परवा तिनं माझी एक चूक काढली. छोटीच होती. मी दिवसभर तिच्याशी तुटक बोलले.

काल संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो. माझ्या जुन्या शोधनिबंधांवर तुमचं नाव तिनं बघितलं आहे. तिनं विचारलं, "मॅडम, तुमच्या बाई कशा होत्या?"

मी कप खाली ठेवला. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. "प्रेमळ होत्या," मी म्हणाले.

"व्हय?" ती म्हणाली, आणि पुढं काही पुरावा येईल म्हणून थांबली. आम्ही चहा संपवला. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते: प्रेमळ म्हणाले, ते मी पडताळून पाहिलेलं नाही.